कारण सापडेपर्यंत रुग्णाला थांबवू नका

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



अंगावर पित्त उठतं म्हणजे काय होतं, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जिथे कधी कुणी आमसुलाचं पाणी चोळून घेतलं नाही किंवा आजीने नातवाला घोंगडीत गुंडाळून बसवलं नाही, असं घर विरळाच. बहुतेकांच्या गांधी दोन-चार दिवसांत बसतात आणि माणूस विसरून जातो. हे पत्र त्यांच्याबद्दल नाही. ज्यांच्या अंगावर रोज किंवा दिवसाआड, महिनोन्‌महिने, काहींच्या तर वर्षानुवर्षं गांधी उठत राहतात, ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि ज्यांना शेवटी 'कशाची तरी ॲलर्जी असेल' एवढंच ऐकायला मिळतं, त्यांच्या वतीने मी लिहिते आहे. मीही त्यांतलीच.

सहा आठवड्यांच्या वर हा त्रास चालू राहिला की डॉक्टर त्याला क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात. ऊन, थंडी, दाब असं ठराविक निमित्त नसताना आपोआप उठणाऱ्या प्रकाराला क्रॉनिक स्पॉन्टेनियस अर्टिकेरिया हे नाव आहे आणि तोच सर्वांत जास्त आढळतो. जगभरातल्या अंदाजांनुसार कोणत्याही वेळी साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना तो असतो. २०११च्या जनगणनेतली आपल्या राज्याची सव्वाअकरा कोटींची लोकसंख्या धरली आणि या टक्केवारीतला कमीत कमी आकडा घेतला, तरी साडेपाच लाखांवर माणसं होतात. त्यात स्त्रिया पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट, आणि बहुतेकांना तो ऐन कामाच्या वयात, विशी ते चाळिशीत गाठतो. एवढ्या लोकांचा आजार, पण त्याने सहसा कुणी दगावत नाही, म्हणून तो कुणाच्या यादीवर येत नाही.

साहेब, माझं म्हणणं एका वाक्यात सांगते: या आजारात कारण सापडेपर्यंत उपचार थांबवून ठेवणं, हाच रुग्णावरचा सर्वांत मोठा अन्याय आहे.

आधी हा त्रास जवळून कसा दिसतो ते सांगते, कारण केसपेपरवर तो दिसत नाही. माझा दिवस शाळेत जातो. पाचव्या-सहाव्या तासापर्यंत सगळं ठीक असतं. मग जिथे जिथे काही आवळलेलं असतं तिथून सुरुवात होते: परकराच्या नाडीखाली, खांद्यावर पर्सचा पट्टा रुततो तिथे, घड्याळाच्या पट्ट्याखाली. आधी नुसती ऊब जाणवते, मग खाज, आणि दहा मिनिटांत बोटभर रुंदीची लाल, फुगीर पट्टी कमरेभोवती उठते. खाजवलं की ती पसरते आणि शेजारची तिला येऊन मिळते. तळहातांना आणि तळपायांना उठलं तर जास्त अवघड, कारण तिथली कातडी जाड, ती फुगत नाही, आतल्या आत ठणकते. अशा वेळी खडू धरवत नाही. एकदा नववीच्या वर्गात शिकवत असतानाच वरचा ओठ सुजू लागला. शब्द जड येऊ लागले. पहिल्या बाकावरची मुलगी माझ्याकडे बघताना घाबरलेली मला दिसली. दुसऱ्या दिवशी एक पालक भेटायला आले आणि संकोचून विचारलं, "बाई, हे लागण होण्यातलं तर नाही ना?" नाही. हे कुणाकडून कुणाला लागत नाही. पण त्यांनी निदान विचारलं. जे विचारत नाहीत ते हळदीकुंकवाला हात पुढे करताना जरा थबकतात.

रात्रीचं काय सांगावं? पंखा वाढवायचा, चादर फेकायची, थंड पाण्याचा पंचा अंगावर घ्यायचा, घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. पहाटे डोळा लागतो तोवर शेजारच्या गल्लीत दूधवाला येतो.

आणि सकाळी दहा वाजता ओपीडीत रांग लावून डॉक्टरांपुढे बसावं, तर अंग लख्ख असतं. या आजारात प्रत्येक गांध काही तासांत, फार तर चोवीस तासांत, मागे काही खूण न ठेवता जिरते आणि नवी भलतीकडे उठते. डॉक्टर म्हणतात, "दाखवा, कुठे आहे?" दाखवायला काही नसतं. अनेक बायांना घरी ऐकावं लागतं की हे मनाचे खेळ आहेत, कामाचा कंटाळा आहे. लंडनच्या डॉक्टरांनी १९९७ साली या रुग्णांची परवड मोजली होती. झोप, थकवा, एकाकीपणा, मनःस्थिती यांचा हिशेब मांडल्यावर तिची पातळी हृदयविकाराच्या रुग्णांच्या बरोबरीला आली. हृदयविकाराच्या माणसाला कुणी कंटाळा म्हणत नाही.

आता 'कारण माहीत नाही' या वाक्याकडे वळते. हे वाक्य रुग्णाला ज्या अर्थाने ऐकवलं जातं, त्या अर्थाने ते आता खरं उरलेलं नाही. आपल्या कातडीत मास्ट पेशी असतात. पॉल एर्लिख यांनी तरुणपणीच, १८७८च्या सुमारास, त्यांचं वर्णन केलं होतं. या पेशींच्या पोटात हिस्टामिनचे कण ठासून भरलेले असतात. ते बाहेर पडले की जवळच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, कातडी फुगते, मज्जातंतू चाळवतात आणि खाज सुटते. प्रश्न होता तो एवढाच की बाहेरून काही आलेलं नसताना या पेशी फुटतात कशाने. १९९३ साली लंडनमधल्या डॉ. माल्कम ग्रीव्ह्ज यांच्या गटाने दाखवलं की अशा काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच मास्ट पेशींच्या ग्राहींवर बसणारी प्रतिपिंडं असतात. पुढे कळलं की दुसऱ्या काहींमध्ये आयजीई नावाची प्रतिपिंडं आपल्याच शरीरातल्या प्रथिनांना, उदाहरणार्थ थायरॉइडमधल्या एका विकराला, परकं समजतात. या रुग्णांत थायरॉइडचे आजारही इतरांपेक्षा जास्त दिसतात. सगळ्यांचं कोडं सुटलेलं नाही, पण दिशा स्पष्ट आहे. बहुतेकांच्या बाबतीत कारण ताटात नाही, साबणात नाही, घरातल्या मांजरात नाही. ते शरीराच्या आतच आहे.

आणि आपण शोधतो ते ताटात.

या आजाराच्या कोणत्याही जुन्या रुग्णाला विचारा, त्याने काय काय सोडलं. वांगं, अंडी, शेंगदाणे, दही, टोमॅटो, मासे, तूरडाळ, आंबवलेलं सगळं, केळं, चिंच. मला हे एकाच वेळी नव्हे, एकेका दवाखान्यात एकेक करून सोडायला सांगितलं गेलं, आणि यादीत भर पडत गेली, खोडलं कुणीच काही नाही. शेवटी ताटात ज्वारीची भाकरी, दुधी आणि मुगाचं वरण एवढं राहिलं, गांधी मात्र होत्या तशा. ज्या बायांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, ज्यांच्या घरात प्रथिनं म्हणजे तूरडाळ, शेंगदाणे आणि आठवड्यातून एकदा अंडं, त्यांना हे पथ्य सांगताना आपण त्यांच्याकडून काय काढून घेतो आहोत, याचा विचार व्हायला हवा. खाण्याची खरी ॲलर्जी असेल तर ती ओळखता येते: तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत त्रास होतो आणि दर वेळी होतो. सोमवारी वांग्याने उठलं आणि गुरुवारी तेच वांगं खाऊन काही झालं नाही, तर त्या वांग्याला निर्दोष ठरवावं.

पथ्याने भागलं नाही की रक्ताच्या तपासण्यांची पाळी येते. पन्नास, शंभर, दोनशे पदार्थांचं पॅनेल. एका गावातल्या प्रयोगशाळेने मला जो कागद दिला त्यावर तांदूळ आणि गहू दोन्हींपुढे लाल खूण होती. या आजाराची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि ती २०२२ साली नव्याने प्रसिद्ध झाली. युरोपातल्या आणि आशियातल्याही ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना त्यात आहेत. त्यांत सुरुवातीला सांगितलेल्या तपासण्या मोजक्याच आहेत: साधं रक्त, सोबत ईएसआर किंवा सीआरपी, आणि तज्ज्ञाकडे गेल्यावर एकूण आयजीई व थायरॉइडची प्रतिपिंडं. बाकी जे काही, ते रुग्णाच्या हकिकतीत तसं सूचक काही असेल तरच. रुग्णाशी दहा मिनिटं बोलणं हीच खरी तपासणी. एक गांध किती तास टिकते? मागे काळा-निळा डाग राहतो का? सोबत ताप, सांधेदुखी आहे का? असेल तर हा रक्तवाहिन्यांच्या दाहाचा वेगळा आजार असू शकतो आणि कातडीचा तुकडा तपासावा लागतो. डोकेदुखीवर, पाठदुखीवर कोणती गोळी घेता? हा प्रश्न मला फार उशिरा विचारला गेला. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी या रुग्णांपैकी बऱ्याच जणांच्या गांधी भडकतात. गुडघेदुखीवर मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक घेणाऱ्या आमच्याकडच्या शेतकरी बायांना वांगं सोडायला सांगितलं जातं आणि ती गोळी चालूच राहते. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल आणि ओठ-जीभ सुजत असेल, तर तेही आधी बघायला हवं.

आता उपचारांबद्दल. इथे मला राग आवरत नाही, म्हणून आधीच माफी मागते.

तालुक्याच्या गावात अंगावर पित्त उठलेला माणूस दवाखान्यात गेला की बहुतेक वेळा दोन गोष्टी मिळतात: डेक्साचं, म्हणजे स्टेरॉइडचं, इंजेक्शन आणि पुडीत बांधलेल्या गोळ्या. पुडीवर नाव नसतं. आतली एक गोळी बहुधा स्टेरॉइडची असते. अर्ध्या दिवसात अंग साफ होतं. रुग्ण डॉक्टरांना दुवा देतो, डॉक्टरांचं नाव होतं. तीन दिवसांनी पुडी संपते आणि गांधी परततात, पुष्कळदा पहिल्यापेक्षा जास्त. मग दुसरी पुडी, तिसरी पुडी, पुढे दवाखान्याची पायरीही चढायला नको, मेडिकलवाला ओळखतो. शेड्यूल एच मधलं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही हा नियम कागदावर राहतो. आमच्या नात्यातली एक बाई अशी दोन पावसाळे पुड्यांवर जगली. चेहरा गोल झाला, साखर चढली, चाळिशीत मोतीबिंदू उतरला. गांधी अजून उठतात. वर सांगितलेली मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की या आजारात स्टेरॉइड दीर्घकाळ द्यायचंच नाही. फार भडका उडाला तर थोडे दिवस, बस्स.

दुसऱ्या बाजूला, ज्याने निम्म्याच्या आसपास लोकांना आराम पडू शकतो ते औषध स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे: सेटिरिझिन. त्याच्याच पिढीतली लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडीन, लोराटाडीन, बिलास्टिन हीही आहेत. औषध माहीत असूनही गुण येत नाही, याचं कारण ते देण्याच्या पद्धतीत आहे. ते खाज सुटल्यावर घ्यायचं नसतं, रोज घ्यायचं असतं. पेशीतून हिस्टामिन एकदा सुटलं आणि ग्राहीवर जाऊन बसलं की गोळी मागून पोचून फारसं काही करू शकत नाही. तिने तिथे आधीच जागा धरून ठेवलेली असायला हवी, बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तशी. दोन ते चार आठवडे रोज एक गोळी घेऊनही भागलं नाही, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीच मात्रा चौपटीपर्यंत वाढवता येते. हे वाचून अनेक डॉक्टरांच्याही भुवया उंचावतात, पण हा मार्गदर्शक तत्त्वांमधला दुसराच टप्पा आहे. आपल्याकडे मात्र पाच दिवसांच्या पाच गोळ्या मिळतात, त्या संपतात, आणि 'सेटिरिझिन लागू पडत नाही' अशी नोंद होते.

सरकारी दवाखान्यातून अजूनही सीपीएमची गोळी मिळते, तिच्याबद्दलही लिहायला हवं. क्लोरफेनिरामाइन ही जुन्या पिढीतली गोळी. ती मेंदूपर्यंत पोचते आणि गुंगी आणते. एसटीचा चालक, ऊसतोडीला कोयता चालवणारी बाई, दहावीची मुलगी, यांना ती महिनोन्‌महिने देणं धोक्याचं आहे. नव्या पिढीची गोळी जवळजवळ त्याच पैशांत येत असताना जुनी का द्यावी?

या सगळ्यानेही ज्यांचं भागत नाही, त्यांच्यासाठी ओमालिझुमॅब आहे. ते आयजीईलाच पकडून ठेवतं. दर चार आठवड्यांनी तीनशे मिलिग्रॅम कातडीखाली टोचतात. या आजारासाठी अमेरिकेत त्याला २०१४ साली मान्यता मिळाली. कित्येक रुग्णांना पहिल्याच महिन्यात फरक जाणवतो. पण महिन्याचा खर्च हजारोंच्या घरात जातो. माझ्यासारख्या पगारदार बाईलाही तो जड, मग मजुरी करणाऱ्यांचं काय बोलावं? त्यापुढे सायक्लोस्पोरिन आहे, पण ते रक्तदाब आणि मूत्रपिंडावर नजर ठेवून द्यावं लागतं.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात क्रॉनिक अर्टिकेरियाच्या रुग्णाला सेटिरिझिन किंवा लोराटाडीन पाच दिवसांचं नव्हे, महिन्याभराचं मिळावं. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आपण महिन्याच्या देतोच. त्याच रकान्यात हा आजार बसवावा. केंद्रांवरचे वैद्यकीय अधिकारी आणि उपकेंद्रांवरचे समुदाय आरोग्य अधिकारी यांना एका दिवसाचं प्रशिक्षण द्यावं. यांतले कितीतरी जण आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांवर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे परत परत उठणाऱ्या गांधींची ओळख त्यांना अभ्यासापासूनच आहे. त्यांना विश्वासात घेऊन हे सगळं सांगितलं, तर ते गावपातळीवर सर्वांत आधी पोचेल.

डॉक्टरला रिकाम्या अंगावर निदान करावं लागतं, त्यावरही उपाय आहे. रुग्णाला सांगायचं की उठलं की मोबाइलवर फोटो काढ, आणि रोज दोन आकडे लिही: गांधी शून्य ते तीन, खाज शून्य ते तीन. सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त बेचाळीस येते. जगभर हीच मोजणी वापरतात. केसपेपरमागे सात रकान्यांचा तक्ता छापायला किती खर्च येणार? तो तक्ता हाती आला की 'मनाचे खेळ' हे बोलणं बंद होतं आणि औषध वाढवायचं की कमी करायचं हेही कळतं. माझी वही दाखवायला लागल्यापासून डॉक्टर माझ्याशी वेगळं बोलतात.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांतून, गोळ्यांची पूर्ण मात्रा देऊनही ज्यांची बेरीज खाली येत नाही अशा रुग्णांना ओमालिझुमॅब मोफत किंवा परवडेल अशा दरात मिळावं. ही महाविद्यालयं आपल्या खात्यात येत नाहीत हे मला माहीत आहे. पुड्यांतल्या स्टेरॉइडवर कारवाई करायची तर तेही अन्न व औषध प्रशासनाचं काम. पण रुग्णाला ही सगळी खाती मिळून एकच सरकार दिसतं, आणि या खात्यांना एका टेबलाभोवती बसवू शकेल असं पत्र आपल्याच कार्यालयातून निघू शकतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यात हयगय चालणार नाही. नेहमीच्या गांधी जिवावर बेतत नाहीत, पण मधमाशी चावल्यावर, औषधाने किंवा खाण्याने अचानक अंगभर उठलं, सोबत घसा आवळला, श्वास लागला, चक्कर आली, तर तो ॲनाफिलॅक्सिस असतो. तिथे पहिलं औषध ॲड्रेनॅलिन, मांडीच्या स्नायूत, ताबडतोब. डेक्सा आणि ॲलर्जीचं इंजेक्शन देऊन वाट बघण्यात वेळ गेला तर माणूस हातचा जातो. दोन्हींतला फरक आशाताईंपासून सगळ्यांना ठाऊक हवा, म्हणजे रोजच्या गांधींना कुणी उगाच घाबरणार नाही आणि या दुसऱ्या प्रकाराला कुणी आमसूल चोळत बसणार नाही.

आमसुलाला माझा विरोध नाही. गार वाटतं, बरं वाटतं, मीही लावते. सैल सुती कपडे, कोमट पाण्याची अंघोळ, ताण कमी, हेही सगळं करते. पण रोजची गोळी वेळेवर मिळाली तरच या उपायांना अर्थ राहतो. हा आजार बहुतेकांना कायमचा नसतो. पुष्कळांचा एक ते पाच वर्षांत आपणहून विझतो. तेवढी वर्षं माणसाला झोप लागावी, काम करता यावं, पोटभर जेवता यावं, एवढ्यासाठीच उपचार आहेत, आणि ते कारण न सापडताही करता येतात.

दर वर्षी १ ऑक्टोबरला जगभर अर्टिकेरिया दिन पाळतात. आपल्या खात्याने त्या दिवशी फलक लावावेत, फेऱ्या काढाव्यात असं मी म्हणत नाही. येत्या १ ऑक्टोबरपर्यंत औषधखरेदीच्या मागणीपत्रात प्रत्येक केंद्रासाठी सेटिरिझिनचा आकडा किती लिहायचा, एवढं ठरलं तरी सुरुवात झाली असं मी समजेन. आमच्या केंद्रातल्या औषध निर्माण अधिकाऱ्यांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "बाई, वरून जेवढं येतं तेवढंच मी देणार." ते बरोबर बोलले. म्हणून हे पत्र आपल्याला.

कळावे,

आपली नम्र,
एक शिक्षिका
सातारा जिल्हा